माझ्याच पेशींचा गुडघा घेऊन कळसूबाईला

संगमनेर ते राजूर

कळसूबाईला जाते म्हटल्यावर घरात पहिला प्रश्न आला तो "कशाला?" असा. विचारणारा माझा थोरला भाऊ. आम्ही त्याला दादा म्हणतो. तो शेजारच्याच घरात राहतो आणि सकाळचा चहा आमच्याकडे घेतो. त्या दिवशी त्याने कप तसाच ठेवला.

"दोन ऑपरेशनं झालीत त्या गुडघ्याची. महिनाभर तुला उचलून बाथरूमला नेलंय मी. आता डोंगर?"

"म्हणूनच डोंगर," मी म्हटलं.

माझं नाव रूथ. संगमनेरच्या एका शाळेत मी पीटी शिकवते. खरं तर शिकवत होते. पंचेचाळिशीला आलेली बाई मुलींना कबड्डीची पकड दाखवायला गेली, पाय मातीत रुतला, अंग वळलं आणि गुडघा तिथेच राहिला. सुजला, उतरला, पुन्हा सुजला. शेक, मलम, गोळ्या करत दोन वर्षं काढली. शेवटी फोटो काढले तेव्हा कळलं, की मांडीच्या हाडाच्या टोकावर जे गुळगुळीत आवरण असतं, ज्याला कूर्चा म्हणतात, त्याचा रुपयाएवढा तुकडा उडालाय. तिथे खड्डा पडलाय आणि खड्ड्याच्या कडेने झीज सुरू झालीय. गावातल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "हा संधिवातच आहे. खेळ सोडा. दहा वर्षांनी सांधा बदलू."

मुख्याध्यापकांनी तर दहा वर्षं वाटही पाहिली नाही. दुसऱ्या आठवड्यात मला लायब्ररी दिली. "मॅडम, आता आरामात पुस्तकं सांभाळा," असं ते फार मायेने म्हणाले. माया होतीच, ते मी नाकारत नाही. पण माझ्या गुडघ्याबद्दल जो तो मायेने निर्णय घेत होता आणि मला कुणी विचारत नव्हतं.

म्हणून मी पुण्याला गेले. तिथल्या सर्जनबाईंनी वेगळी वाट सांगितली. त्या वाटेबद्दल पुढे येईलच. ते सगळं होऊन आता दोन वर्षं उलटली होती. त्यांनीच म्हटलं होतं, "आता डोंगर चढायला हरकत नाही. उतरताना घाई नको. दुखलं आणि थांबल्यावरही दुखत राहिलं, तर परत फिरायचं. हट्ट करायचा नाही."

दादाला हे सांगितलं तर त्याने "हट्ट करायचा नाही" एवढंच ऐकलं.

आणि आई म्हणाली, "मी बी येते."

आई सत्तरीची. मिशनच्या दवाखान्यात तिने आयुष्यभर आयाचं काम केलं, वॉर्डच्या फरशीवर उकिडवी बसून. तिचे दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला वाकलेत आणि चालताना ती होडीसारखी डुलते. तिला कशाला नेतेस, असं विचारायची दादाची हिंमत झाली नाही, कारण तोवर तिने पिशवीत करंज्या भरायला घेतल्या होत्या.

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. उसाच्या ट्रॉल्यांमागून एस.टी. रखडत अकोल्याकडे निघाली. प्रवरा कधी डावीकडे दिसायची, कधी नुसती तिच्या काठची झाडं. आमच्या संगमनेरकडे कांदा, डाळिंब आणि दुधाच्या गाड्या. अकोलं मागे पडलं तशी जमीन वर उचलायला लागली, शेतं लहान झाली आणि बांधाबांधांवर भाताच्या पेंढ्याच्या उडव्या दिसू लागल्या. एकाच जिल्ह्यात राहून मी हा भाग आयुष्यात दोनदाच पाहिला होता, दोन्ही वेळा शाळेच्या सहलीत, पोरं मोजण्याच्या नादात.

राजूरला उतरलो आणि पहिला घोटाळा झाला. माझी घडीची काठी एस.टी.तच राहिली. पुण्याहून मुद्दाम आणलेली. बस तोवर वळून गेली होती. आई म्हणाली, "बरं झालं. तिच्याकडं बघून मलाच म्हातारं वाटत हुतं." पुढे बारीपर्यंत जीप. मागच्या बाकावर आम्ही आठजणी, माझ्या मांडीवर एक कोंबडी आणि तिची मालकीण सारखं म्हणत होती, "चोचत न्हाई ओ, गरीब हाय."

बारी

बारी हे कळसूबाईच्या पायथ्याचं गाव. इथं घरोघरी डोंगर चढणाऱ्यांना जेवू घालतात. आम्ही यमुनाबाई आणि लहानूभाऊ या नवराबायकोकडे उतरलो. शेणाने सारवलेलं अंगण, एका बाजूला झोडपलेल्या भाताची रास, आणि मान वर केली की सरळ डोंगर. इतका जवळ, की मला आधी तो ढगच वाटला.

जेवायला नागलीची भाकरी, पिठलं, नवीन तांदळाचा भात आणि खुरासणीची चटणी. आमच्याकडे बाजरी. नागलीची भाकरी मी तोडायला गेले तर ती हातातच दुमडली. "हळू तोडा," यमुनाबाई हसल्या, "ती बाजरीवानी कडक न्हाई."

आईने करंज्या पुढे केल्या तेव्हा त्या बुचकळ्यात पडल्या. "मावशी, दिवाळी हून गेली की."

"आमची आता येतीय. नाताळ."

"ख्रिश्चन हाय व्हय तुमी? मंग उंद्या देवीला जाऊन काय करनार?"

"ही जानार हाय," आईने माझ्याकडे बोट केलं. "देवीला माझा सलाम सांगंल. बाईमानूस बाईमानसाला सलाम करतं, त्यात काय."

यमुनाबाईंना ते पटलं. त्यांनी दोन करंज्या देवीसाठी बाजूला काढून ठेवल्या.

मग गुडघ्याची गोष्ट निघाली. माझी सलवार वर सरकवून मी त्यांना व्रण दाखवला. त्यांनी बोट फिरवून पाहिलं आणि विचारलं, "आत लोखंड घातलंय?"

"नाही. माझंच घातलंय."

मी सांगितलं ते असं. पहिल्या वेळी दुर्बीण घालून गुडघ्याच्या कडेला, जिथे वजन पडत नाही तिथून, कूर्चेचा नखाएवढा तुकडा काढला. तो प्रयोगशाळेत पाठवला. तिथे त्यातल्या पेशी वेगळ्या करून काही आठवडे वाढवल्या. थोड्याच्या पुष्कळ झाल्या. मग दुसऱ्या वेळी गुडघा उघडून, खड्डा साफ करून, त्या पेशी तिथे बसवल्या. पुढचं काम त्यांचं. त्यांनी हळूहळू नवं आवरण धरायचं. तोवर मी पाय टेकवायचा नाही. एक यंत्र पाय हळूहळू दुमडायचं आणि सरळ करायचं, तासन्‌तास. नंतर कुबड्या, नंतर एक कुबडी, नंतर भिंत. वर्षभर पळायचं नाही. मी, जिने पंचवीस वर्षं दुसऱ्यांना पळवलं.

"म्हंजी आवनीच की," यमुनाबाई म्हणाल्या. "आदी एका कोपऱ्यात रोप करायचं, मंग उपटून खाचरात लावायचं."

"तसंच."

"आन मावशीच्यात का न्हाई लावत?"

हा प्रश्न आमच्या घरात कुणी मोठ्याने विचारला नव्हता. मी आईकडे पाहिलं. पुण्याला मी आईलाही घेऊन गेले होते. सर्जनबाईंनी तिचे फोटो उजेडासमोर धरले, बराच वेळ पाहिले आणि आईलाच समोर बसवून सांगितलं. एका जागी खड्डा असेल आणि भोवतालचं आवरण चांगलं असेल, तर पेशी धरतात. आईच्या गुडघ्यांत दोन्ही हाडांवरचं आवरणच गेलंय. हाडावर हाड घासतंय. तिथे पेशी लावून उपयोग नाही. कुणी एका दिवसात इंजेक्शनने करून देतो म्हणालं तरी जाऊ नका. तुमच्यासाठी सांधा बदलणं हाच उपाय आहे, आणि तो चांगला आहे.

आईने तेव्हा फक्त मान हलवली होती. घरी आल्यावर दादा म्हणाला होता, "या वयात कापाकापी नको." त्यावरही तिने मान हलवली होती.

आता ती यमुनाबाईंना म्हणाली, "माझं खाचरच वाहून गेलंय, बाई. लावतील कशात?" आणि मोठ्याने हसली. यमुनाबाईही हसल्या. मला हसू आलं नाही. एकाच बाकावर बसून आम्ही मायलेकींनी तपासून घेतलं होतं आणि एकीलाच ते मिळालं, हे मला त्या दोन वर्षांत कधी नीट गिळता आलं नव्हतं.

डोंगर

सकाळी लहानूभाऊ बरोबर निघाले. त्यांनी मला कळकाची काठी तोडून दिली. मागची काठी हरवल्याचं दुःख तिथेच संपलं. आई आणि यमुनाबाई पायथ्याजवळच्या देवळापर्यंत येणार होत्या. ज्यांना वर जाता येत नाही त्यांच्यासाठी खालीच देवीचं एक देऊळ आहे, असं यमुनाबाईंनी सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "हितल्या लोकांना डोकं हाय."

पण तिथवर जायलाही शेतांचे बांध ओलांडावे लागतात. आई एका हाताने यमुनाबाईंचा खांदा धरून डुलत डुलत चालली. मधे दोनदा बसली. लहानूभाऊ म्हणाले, "मावशी, उचलू का?" आईने त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते तंबाखू मळत पुढे निघून गेले. ती देवळाच्या पायरीवर पोचली, बसली, पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "जा. मागं बघू नको. मी काय पडत न्हाई."

मी गेले.

सुरुवातीला कापलेल्या भाताची खुंटं, मग दगडी पायऱ्या, मग नुसता खडक. ऊन अजून कोवळं होतं. लहानूभाऊ बोलत होते. कुणाच्या म्हशीने कुणाच्या शेतात काय खाल्लं, ग्रामपंचायतीत कोण कुणाशी बोलत नाही. मला ते बरं वाटत होतं, कारण माझं सगळं लक्ष उजव्या गुडघ्यात होतं आणि कुणीतरी ते काढून घ्यायला हवं होतं. प्रत्येक पायरीला मी वाट पाहत होते. आता टोचेल, आता अडकेल. काही झालं नाही. पहिली लोखंडी शिडी आली. खाली दरी मोकळी. मी दोन्ही हातांनी कठडा धरला, उजवा पाय वर ठेवला आणि त्याच्यावर सगळं वजन टाकलं. त्याने ते घेतलं. शिडीच्या मध्यावर मला रडू आलं. वरून उतरणाऱ्या एका बाईंना वाटलं मी घाबरले. "खाली बघू नका, ताई," त्या म्हणाल्या. मी मुद्दाम खाली पाहिलं. पायाखाली सगळी शेतं, एक पांढरा ठिपका देवळाचा, आणि लांब भंडारदऱ्याच्या पाण्याची चकाकी.

दुसरी शिडीही गेली. एका टपरीवर लिंबू सरबत घेतलं, काकडी खाल्ली. माकडाने लहानूभाऊंच्या हातातली बिस्किटं पळवली आणि त्यांनी त्याला त्याच्या घराण्यासकट शिव्या दिल्या. तिथेच ठाण्याहून आलेला आठ-दहा मुलामुलींचा घोळका भेटला. एकाने विचारलं, "आंटी, एकट्या आलात?" मी लहानूभाऊंकडे बोट दाखवलं आणि बोलता बोलता गुडघ्याचं सांगितलं. चूक झाली. त्याच क्षणी मी त्यांच्यासाठी बाई राहिले नाही, गोष्ट झाले.

"काय सांगता! स्वतःच्या पेशींचा गुडघा? आणि कळसूबाई? आंटी, वर पोचलात की एक रील करू. लोकांना इन्स्पिरेशन मिळेल."

शेवटच्या शिडीच्या अलीकडे एक सपाट जागा आहे. तिथून माथ्यावरचं देऊळ दिसतं. त्याचा भगवा झेंडा वाऱ्यावर फडफडताना ऐकूही येतो. तिथे पोचताना माझा गुडघा दुखायला लागला.

डावा.

ज्याला कुणी हात लावला नव्हता तो. दोन वर्षं उजव्याला जपताना सगळा भार याच्यावर पडला होता आणि मी त्याची एकदाही विचारपूस केली नव्हती. आधी खुपलं. मी थांबले. पाणी प्यायले. खुपणं गेलं नाही. खडकावर बसून पाय लांब केला. बराच वेळ बसले. उठले, आणि वाटीच्या आतून कुणी चमचा फिरवावा तशी कळ आली.

"परत फिरू या," मी लहानूभाऊंना म्हटलं.

त्यांना खरंच वाईट वाटलं. "अवो, ही काय शिडी! माझं मानूस आजवर हितनं परत न्हाई फिरलं. मी हात देतो."

घोळका गोळा झाला. "आंटी, पाच मिनिटं!" "आंटी, यू कॅन डू इट!" एका मुलीने टाळ्यांचा ठेका धरला आणि सगळे "आं-टी, आं-टी" करायला लागले. फोन वर झाले. मलाही झेंडा दिसत होता. वर जावंसं किती वाटत होतं ते मी इथे लिहिणार नाही. आणि त्यांच्या टाळ्यांत मला काय ऐकू आलं ते सांगते. मुख्याध्यापकांचा तोच मायाळू आवाज. त्यांनी मला विचारल्याशिवाय खाली बसवलं होतं, ही मुलं मला विचारल्याशिवाय वर चढवत होती.

"फोन खाली करा," मी म्हणाले. मैदानावरचा आवाज लागला. सगळे फोन खाली झाले. "मला इथवर यायचं होतं, मी आले. आता मला दुखतंय आणि मी उतरणार आहे. याचा व्हिडिओ होत नाही. तुम्ही जा वर. देवीला एक सलाम पोचवा, माझ्या आईचा."

टाळ्या वाजवणारी मुलगी पुढे आली. ओशाळली होती. "सॉरी, मॅडम," म्हणाली. देवीसाठी बरोबर आणलेली करंज्यांची पुडी मी पुढे केली, ती तिने दोन्ही हातांनी घेतली.

उतरणं चढण्यापेक्षा वाईट होतं. चढताना छाती बोलते, उतरताना गुडघा. शिड्या मी तोंड खडकाकडे करून उतरले. पायऱ्यांवर आधी काठी, मग डावा पाय, मग उजवा, आणि प्रत्येक वेळी सगळं शरीर अलगद खाली घेणारा होता तो उजवा, लावणी केलेला. काही ठिकाणी सरळ बसून घसरले. सलवारीचं मागचं कापड फाटलं. लहानूभाऊ फुरंगटून दोन पायऱ्या पुढे चालत होते. मग त्यांनी आपला गमछा काढून दिला, "कमरेला बांधा," म्हणाले आणि पुन्हा म्हशीची गोष्ट सुरू झाली.

दुपार कलली तेव्हा खालचं देऊळ दिसलं. आई त्याच पायरीवर बसली होती. भोवती गावातल्या चार-पाच म्हाताऱ्या, सगळ्यांचे पाय लांब केलेले. कुणाचा कोणता गुडघा कधीपासून दुखतो याची सभा चालली होती.

"गेलीस का वर?" आईने विचारलं.

"नाही. शेवटची शिडी राहिली. डावा दुखला."

मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे. तिने माझ्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. तळहात उन्हाने तापलेला होता. मग म्हणाली, "तुला कुनी फिरवलं का तूच फिरलीस?"

"मीच."

"मंग झालं," आई म्हणाली.

परत

दुसऱ्या दिवशी संगमनेरच्या स्टँडवर दादा रिक्षा घेऊन उभा होता. मी लंगडतेय हे त्याला लांबूनच दिसलं असावं. पिशव्या घेताना त्याच्या चेहऱ्यावर विजय होता.

"पोचलीस का?"

"नाही."

"मी सांगत होतो."

"तू सांगत होतास जाऊ नको. मी गेले. वरची पोरं सांगत होती वर ये. मी नाही गेले. दोन्ही वेळा मीच ठरवलं, दादा. तुझ्यावर राग नाही. महिनाभर तू मला उचललंस, ते मी विसरणार नाही. पण आता खाली ठेव मला."

रिक्षा निघाली. मधे बसलेली आई समोर पाहत म्हणाली, "आन पुन्याच्या बाईंना फोन लाव. माझं बी करून टाकू."

"काय करून टाकू?"

"गुडघं. लोखंडाचं तर लोखंडाचं."

"आई, या वयात..."

"मंग कोनत्या वयात? मेल्यावर?" आईचा आवाज चढला. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "दोन वर्सं मी मान हलवली तर तुला वाटलं मला पटलं. मला भ्या वाटत हुतं म्हनून हलवली. तिथं त्या बायांत बसून सांगत हुते, माझ्या लेकीनं असं केलं, तसं केलं. एकीनं इचारलं, आन तू काय केलंस? मला काय सांगता येईना."

दादाने रिक्षाबाहेर पाहिलं. घर आलं. पिशव्या आत ठेवून मात्र त्याने फोन हातात घेतला आणि विचारला तो एवढाच प्रश्न, "नंबर काय त्या बाईंचा?"

हे लिहीपर्यंत आईचा उजवा सांधा बदलून झालाय. वॉकर घेऊन ती घरात फिरते आणि व्यायाम घ्यायला येणाऱ्या पोरीला दमात घेते. माझा डावा गुडघाही तपासून घेतला. खड्डा नाही, स्नायू कमजोर पडलेत. मांडीवर वजन बांधून रोज सकाळी पाय उचलते. उजवा किती वर्षं टिकेल, हे सर्जनबाई छातीठोक सांगत नाहीत. मला त्याचं बरंच वाटतं. छातीठोक सांगणारे मला पुष्कळ भेटलेत.

परत आल्यावरच्या पहिल्या सोमवारी मी लायब्ररीकडे न वळता मैदानावर गेले. मुली रांगेत उभ्या होत्या. माझ्या जागी आलेले नवीन सर "घ्या तुम्हीच, मॅडम" म्हणत बाजूला झाले. मुख्याध्यापक ऑफिसमधून लगबगीने आले.

"मॅडम, तुम्हाला जमेल का हे?"

"सगळं नाही जमणार, सर. पकड मी दाखवणार नाही, पळणार नाही. जे जमत नाही तिथे मी थांबेन. मला थांबता येतं, परवाच थांबून आलेय."

ते काहीतरी म्हणणार होते. पण तोवर मी मुलींकडे वळून त्यांना मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या होत्या.